गावित मायलेकी: मेसेजमध्ये काय फिरतंय आणि कोर्टात काय सिद्ध झालं

मखमलाबादकर

अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली रेणुका शिंदे आणि सीमा गावित यांच्या नावाचा एक मेसेज सध्या नाशकातल्या ग्रुपांवर फिरतोय. 2027 चा सिंहस्थ जवळ येतोय म्हणून कुणीतरी तो पुन्हा उकरून काढलाय. "42 मुलं मारली", "आता सुटून बाहेर आल्या", "कडेवर लेकरू घेतलेली भिकारीण दिसली की धरा, आधी हात साफ करा, मग पोलिसांना बोलवा." पहिली गोष्ट कोर्टात सिद्ध झालेली नाही. दुसरीबाबत सांगायचं तर 2022 साली उच्च न्यायालयाने सुटकेचा आदेश द्यायला नकार दिला होता. आणि तिसऱ्या गोष्टीने उद्या कुणाचा तरी जीव जाईल. म्हणून हा धागा.

अंजनाबाई नाशिकची. पहिला नवरा ट्रक ड्रायव्हर. त्याने टाकलं तेव्हा पदरात रेणुका होती. दुसरा नवरा निवृत्त फौजी, त्याच्यापासून सीमा. त्यानेही पुढे दुसरा संसार मांडला. अंजनाबाई पाकीटमारीवर जगायला लागली आणि पोरी कळत्या झाल्या तशा त्यांनाही त्याच कामाला लावलं. जत्रा, देवळं, एसटी स्टँड, मिरवणुका, जिथे माणसं अंगाला अंग लावून उभी असतात तिथे या असायच्या. रेणुकाचा नवराही त्यांच्यात सामील झाला. चोरलेल्या गाड्या तो चालवायचा. बिऱ्हाड पुण्याला आणि फिरणं कोल्हापूरपासून कल्याण-नाशिकपर्यंत.

1990 साली एका देवळात रेणुका चोरी करताना पकडली गेली. तिचं स्वतःचं मूल तिच्याजवळ होतं. लेकरू घेऊन आलेली बाई चोरी कशी करेल, असा तिने कांगावा केला. जमलेले लोक वरमले आणि तिला सोडून दिलं. पुढच्या सहा वर्षांचं सगळं इथून सुरू झालं. मूल जवळ असलं की गर्दीचा हात उठत नाही, हे तिघींच्या लक्षात आलं. मग दुसऱ्यांची मुलं उचलायला सुरुवात केली.

पहिलं मूल कोल्हापूरचं, एका भीक मागणाऱ्या बाईचं. जेमतेम वर्षाचं. सीमा चोरी करताना सापडली तेव्हा अंजनाबाईने लोकांचं लक्ष उडवायला ते मूल जमिनीवर आपटलं. लोक मुलाकडे धावले आणि सीमा सटकली. मूल रडायचं थांबेना, ते आता उपयोगाचं नाही आणि अडचणीचं आहे, म्हणून नंतर त्याला मारून टाकलं. कसं मारलं ते मी इथे लिहिणार नाही. मुलांची नावंही लिहिणार नाही. त्यांचे आईबाप, भावंडं याच महाराष्ट्रात राहतात.

हे 1990 ते 1996 चाललं. पाच वर्षांच्या आतली मुलं बहुतेक. चोरी करताना जवळ बाळगायची, आजारी पडलं किंवा फार रडायला लागलं की संपवायचं.

आता नाशिकचा भाग. ज्या नवऱ्याने दुसरा संसार मांडला त्याच्यावर आणि त्याच्या बायकोवर अंजनाबाईचा राग होता. 1995 मध्ये त्यांची मोठी मुलगी पळवून मारली. त्यानंतर धाकटीवर डोळा होता. त्या मुलींची आई पोलिसांकडे गेली आणि संशय कोणावर आहे ते नाव घेऊन सांगितलं. 1996 साली तिघी नाशकात पकडल्या गेल्या आणि त्या एका तक्रारीतून बाकीची सगळी मुलं उघडकीला आली.

सहा वर्षं इतक्या गर्दीत वावरलेल्या बायका एकाही गर्दीला ओळखता आल्या नाहीत. त्या सापडल्या एका आईच्या फिर्यादीमुळे. "दिसली की धरा" म्हणणाऱ्यांनी एवढं एक डोक्यात ठेवावं.

सिडको_जुने

ताई, फार बरं केलंत. 1996 च्या थंडीत आमच्याकडे काय परिस्थिती होती ते सांगतो. मी तेव्हा सातपूरला कंपनीत. रोजच्या शिफ्टा. धाकटी मुलगी बालवाडीत. बातमी पेपरात आली त्या आठवड्यात बालवाडीच्या दारात आयांची रांग लागायची, सुटायच्या अर्धा तास आधीपासून. रिक्षावाल्या काकांनाही बाई विचारायच्या, "तुम्हीच का आज? रोजचे कुठे गेले?" माझ्या आईने मुलीच्या फ्रॉकच्या आतल्या बाजूला कापडाची पट्टी शिवून तिच्यावर नाव-पत्ता लिहून दिला होता. धुऊन धुऊन अक्षरं पुसली की परत लिहायची.

सुप्रीम कोर्टाच्या निकालातही असंच काहीसं आलंय ना? लोक मुलांना शाळेत पाठवायलाही घाबरत होते, असं?

वकील_नाशिकरोड

हो काका, शिक्षा कायम करताना सर्वोच्च न्यायालयाने तसं नमूद केलंय.

कोर्टाचा सगळा प्रवास एकदाच लिहिते, मेसेजमध्ये फार गोंधळ आहे.

अंजनाबाई 1997 साली तुरुंगात मेली, खटला उभा राहायच्या आत. त्यामुळे कायद्याच्या भाषेत ती दोषी ठरलेलीच नाही. आरोपी मेला की त्याच्यापुरता खटला संपतो. दोषी ठरल्या त्या दोघी बहिणी. कोल्हापूरच्या सत्र न्यायालयात खटला चालला, सरकारतर्फे उज्ज्वल निकम होते. जून 2001 मध्ये दोघींना फाशीची शिक्षा झाली. 13 मुलांची अपहरणं आणि 6 खून सिद्ध धरले. 2004 साली उच्च न्यायालयाने फाशी कायम केली, पण खुनांपैकी 5 सिद्ध मानले. 31 ऑगस्ट 2006 ला सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केलं.

42 चा आकडा कुठल्याही निकालात नाही. खरी संख्या सिद्ध झाली त्याहून जास्त असू शकते, हे मलाही वाटतं. पण सिद्ध झालं ते एवढं. आणि पाच काय कमी आहेत का?

पाथर्डी_फाटा

वकीलताई, सरळ विचारतो. माझी मुलगी तीन वर्षांची आहे. हे वाचताना हात थरथरतात. ज्यांनी हे केलं त्यांना फाशी का दिली नाही? तीन-तीन कोर्टांनी फाशी सांगितली, मग 2022 ला जन्मठेप कशी झाली? आणि रेणुकाचा नवरा सुटला कसा? गाडी तोच चालवत होता ना?

वणीची_वाट

हाच प्रश्न माझाही.

वकील_नाशिकरोड

दादा, तुमचा राग रास्त आहे. उत्तर थोडं लांब होईल.

आधी नवऱ्याचं. तो माफीचा साक्षीदार झाला. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 306 खाली अशी माफी देता येत होती. अट एकच, त्याने जे जे माहीत आहे ते सगळं, स्वतःच्या सहभागासकट, खरं खरं सांगायचं. काही लपवलं किंवा खोटं बोलला तर माफी जाते आणि खटला चालतो. आता या प्रकरणात पोलिसांच्या हातात काय होतं ते बघा. सहा वर्षांपूर्वीची घटना. मूल एका जिल्ह्यातून उचललं, मारलं दुसरीकडे. प्रेत सापडलं तेव्हा कुणाचं ते कुणाला माहीत नाही, म्हणून बेवारस म्हणून विल्हेवाट लागलेली. डोळ्यांनी पाहिलेले कोण? त्या तिघी आणि हा. त्याच्याशिवाय कोणतं मूल कुठून उचललं, कोणत्या स्टँडवर काय झालं, याची माळ गुंफताच आली नसती. आणि फक्त त्याच्या शब्दावरही शिक्षा होत नाही, कोर्ट दुसऱ्या पुराव्याचा आधार मागतं. म्हणून 156 साक्षीदार तपासावे लागले. मूल हरवलं ती जागा दाखवणारे, कपडे ओळखणारे, त्या वेळी या बायकांना तिथे बघितलेले.

तो सुटला याचं मलाही वाईट वाटतं. पण तो बोलला नसता तर तिघीही सुटल्या असत्या, असं मला वकील म्हणून वाटतं.

आता फाशीचं. सर्वोच्च न्यायालयानंतर दयेचा अर्ज. तो आधी राज्यपालांकडे, मग राष्ट्रपतींकडे. राज्यपालांनी फेटाळला, मग जुलै 2014 मध्ये राष्ट्रपतींनी फेटाळला. या सगळ्यात 7 वर्षं, 10 महिने आणि 15 दिवस गेले. त्याच वर्षी जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने शत्रुघ्न चौहान प्रकरणात सांगितलं होतं की दयेच्या अर्जावर सरकारकडून विनाकारण, अवाजवी विलंब झाला तर फाशीची जन्मठेप होऊ शकते. फाशीच्या छायेत वर्षानुवर्षं बसवून ठेवणं हे राज्यघटनेच्या कलम 21 ला, म्हणजे जगण्याच्या हक्काला, धरून नाही, हा त्याचा गाभा. बहिणींनी त्याच मुद्द्यावर मुंबई उच्च न्यायालय गाठलं आणि 18 जानेवारी 2022 ला फाशीची जन्मठेप झाली.

या निकालात गुन्हा सौम्य आहे असा एक शब्द नाही. उलट क्रौर्याचा निषेध करायला शब्द अपुरे आहेत अशा अर्थाचं कोर्टाने लिहिलंय. ताशेरे ओढले ते अधिकाऱ्यांच्या ढिलाईवर. फायली या टेबलावरून त्या टेबलावर जायला वर्षं लागली. बहिणींनी पंचवीस वर्षं तुरुंगात काढलीत, आता सोडा, अशीही मागणी केली होती. ती कोर्टाने मान्य केली नाही. शिक्षेत सूट द्यायची की नाही हा सरकारचा विषय ठेवला.

आणि जन्मठेप म्हणजे 14 वर्षं हा समज काढून टाका. जन्मठेप मरेपर्यंत असते. 14 वर्षं ही सुटकेचा विचारसुद्धा करता येण्याआधीची किमान मुदत आहे.

पाथर्डी_फाटा

म्हणजे बाबू लोकांनी फाईल दाबून ठेवली आणि फायदा मारेकऱ्यांना.

वकील_नाशिकरोड

हो. आणि ज्या आयांची मुलं गेली त्यांना सोळा-अठरा वर्षं "उद्या फाशी, परवा फाशी" ऐकत बसावं लागलं. विलंबाची शिक्षा त्यांनाही झाली. तेवढ्या बाबतीत मी तुमच्या बाजूने आहे.

सिडको_जुने

मला एक कळत नाही. 13 मुलं. सहा वर्षं. कुणालाच संशय कसा आला नाही?

मखमलाबादकर

काका, ह्यावरच बोलायचंय मला.

पहिलं मूल कुणाचं होतं बघा. भीक मागणाऱ्या बाईचं. तिने कुणाकडे जायचं? गेली तर तिला कोण विचारणार, "बाई, मुलाचा फोटो आहे का, जन्मदाखला आहे का, राहता कुठे?" यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे नसणार. त्या काळी मूल हरवलं की बेपत्ता म्हणून नोंद व्हायची, गुन्हा नाही. गुन्हा नाही म्हणजे तपास नाही. कोल्हापूरचं मूल पुण्यात, ठाण्याचं नाशकात. कोणत्या पोलीस ठाण्याच्या वहीत काय आहे ते पलीकडच्या जिल्ह्याला कळायचं साधन नव्हतं. बेवारस प्रेताची नोंद एका जिल्ह्यात, हरवल्याची दुसऱ्या. दोन कागद एका टेबलावर यायचे कसे?

गावित मायलेकी फार हुशार होत्या असं नाही. त्यांनी अशी मुलं उचलली ज्यांच्यामागे बोलणारं कुणी नव्हतं. नाशकात त्या फसल्या, कारण तिथे सूड मध्ये आला. ओळखीच्या घरातलं मूल उचललं. त्या घरातल्या बाईला नाव माहीत होतं, कारण माहीत होतं आणि तिने तोंड उघडलं. मुलगी गमावलेली ती आई दुसरीसाठी पोलिसांत उभी राहिली नसती तर हे किती वर्षं चाललं असतं सांगता येत नाही. या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात मोठी वाटते ती हीच बाई. आणि तिचं नाव कुणाच्या मेसेजमध्ये नसतं, ते बरंच आहे म्हणा. तिला शांतपणे जगू द्यावं.

मालेगाव_कॅम्प

मी इथे फारसा लिहीत नाही. पण तिसऱ्या मुद्द्यावर लिहायलाच पाहिजे.

1 जुलै 2018. रविवार. सकाळी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडे बाजार होता. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागायला आलेले. त्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलला म्हणे. मुलं पळवणारी टोळी आली, असा गलका झाला. पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारून टाकलं. पाच माणसं. भरदिवसा.

त्याच दिवशी रात्री आमच्या मालेगावात. बाहेरगावचं एक कुटुंब, जवळ लहान मूल. लोकांना वाटलं चोरीचं मूल. मी दुकान बंद करून निघालो होतो, रस्ता जाम. विचारलं काय झालं, एक म्हणाला, "टोळी सापडली." दुसरा म्हणाला, "मूल त्यांचं नाहीच, तोंडावरून दिसतं." मी तोंड बघितलं नव्हतं, त्यानेही बघितलं नसणार, आम्ही दोघेही गर्दीच्या शेपटाला होतो. मूल त्यांचंच होतं. पोलिसांनी त्यांना कसंबसं वाचवलं. गर्दीने पोलिसांच्या गाडीचीही मोडतोड केली.

राईनपाड्याच्या बातम्या आल्या तेव्हा व्हॉट्सॲपवर गावित बायकांचेच जुने फोटो परत फिरत होते. मी स्वतः बघितले.

वणीची_वाट

अंगावर काटा आला दादा.

मखमलाबादकर

मालेगावचे दादा, लिहिलंत त्याबद्दल खरंच आभार.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघा, सगळ्यांनी. 1990 मध्ये गर्दीने कडेवर मूल बघितलं आणि चोर बाईला सोडलं. 2018 मध्ये गर्दीने कडेवर मूल बघितलं आणि निर्दोष कुटुंबावर धावून गेली. दोन्ही वेळा लोकांनी तोंड बघून न्याय केला. आणि दोन्ही वेळा पोलिसांना बोलवायला एक फोन पुरेसा होता. रेणुकाला त्या देवळातून तेव्हाच चौकीवर नेलं असतं तर? "सोडून द्या, लेकरू आहे जवळ" असं म्हणणारी माणसं दुष्ट नव्हती. पण चौकशी करायचं काम त्यांचं नव्हतं आणि ज्यांचं होतं त्यांच्यापर्यंत ते गेलं नाही.

आणि मेसेज ज्यांना धरायला सांगतोय ती भीक मागणारी, पालावर राहणारी, जत्रेत फुगे-खेळणी विकणारी माणसं. तेव्हा पहिलं लेकरू त्यांच्यातल्याच एका बाईचं गेलं होतं.

पाथर्डी_फाटा

ताई, तुमचं पटतंय. पण बाप म्हणून विचारतो, मग आम्ही करायचं काय? रामकुंडावर लाखो लोक. सिग्नलवर बाई उभी, कडेवरचं मूल कायम झोपलेलं. मला दर वेळी वाटतं, हे मूल हिचं आहे का? की गुंगीचं काही दिलंय? बघून न बघितल्यासारखं करून पुढे जायचं?

वकील_नाशिकरोड

नाही. पुढे जायचं नाही. 1098 फिरवायचा. चाइल्डलाइनचा नंबर, चोवीस तास चालतो, आता 112 च्या यंत्रणेशी जोडलाय. जागा, वेळ, बाईने काय घातलंय, मुलाचं अंदाजे वय, एवढं सांगायचं. स्वतः मूल ओढायचं नाही, व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकायचा नाही. मूल तिचंच असलं आणि आजारी असलं तरी त्या मुलाला मदत मिळेल. तिचं नसलं तर चौकशी होईल. दोन्हीकडून मुलाचाच फायदा.

तुमचं स्वतःचं मूल हरवलं तर 24 तास थांबा वगैरे कुणी सांगितलं तर ऐकू नका. मे 2013 मध्ये बचपन बचाओ आंदोलन या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलंय, अल्पवयीन मूल बेपत्ता असेल तर ते पळवलं गेलंय असं गृहीत धरून लगेच एफआयआर नोंदवायचा. नुसती बेपत्ता नोंद चालणार नाही. हद्द कुणाची हा वादही घालायचा नाही, शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून संबंधित ठाण्याला पाठवता येतो. मखमलाबादकर ताईंनी वर त्या काळाबद्दल जे लिहिलंय तो नेमका फरक या आदेशाने पडला. भीक मागणाऱ्या बाईचं मूल हरवलं तरी गुन्हा नोंदवावाच लागेल. फोटो नसला तरी, पत्ता नसला तरी.

नोंदवतात का, हा पुढचा प्रश्न. तिथे आपल्यासारख्यांनी तिच्यासोबत ठाण्यात जाऊन बसलं तर फरक पडतो. मी गेलेय, पडतो.

वणीची_वाट

मी सप्तशृंगीला नवरात्रात मंडळाबरोबर सेवेला असते, म्हणून एक अनुभव. हरवलेली मुलं आमच्या मांडवात आणतात. तीन-चार वर्षांचं मूल आईचं नाव "आई" सांगतं आणि गावाचं नाव "घर". घोषणा करायची तर काय करणार? "निळा सदरा, कपाळाला कुंकू, हातात लाल फुगा, नाव सांगत नाही." असं दहादा ओरडावं लागतं. आईबाप सापडले की ते मूल धावत सुटतं आणि आमचे स्वयंसेवक हुश्श करून सोडून देतात.

पण दोन वर्षांपूर्वी आमच्यातल्या एका ज्येष्ठ ताईंनी शिस्त लावली. मूल धावत गेलं तरी लगेच सोडायचं नाही. नेणाऱ्याचं आधार कार्ड बघायचं, मोबाइलमधले मुलाचे जुने फोटो दाखवायला सांगायचे, वहीत सही घ्यायची, शेजारी पोलीस असेल तर त्याच्यासमोर. लोक चिडतात. "आमचंच लेकरू आम्हाला देत नाही का" म्हणून भांडतात. एक आजोबा तर काठी उगारून आले. ताई हात जोडून म्हणायच्या, "बाबा, तुमचं आहे म्हणूनच विचारते." मोबाइलवर फोटो सगळ्यांकडे असतात, दोन मिनिटांचं काम.

सिंहस्थात प्रत्येक मांडवात ही पद्धत असावी असं मला फार वाटतं.

सिडको_जुने

फार मोलाचं बोललीस पोरी. आमचा ज्येष्ठ नागरिक संघ 2015 च्या सिंहस्थात तपोवनात पाणी वाटपाला होता. या वेळी वही आणि पेन घेऊन मुलांच्या मांडवात बसू. मी विषय काढतो बैठकीत.

मुलांच्या हातावर नंबर लिहायचा असेल तर एक करा. साध्या बॉलपेनने लिहिलेलं गोदेत एक डुबकी मारली की जातं. मेंदीचा कोन घ्या, आदल्या रात्री लिहा. आणि नंबर गर्दीत बरोबर येणाऱ्याचा नको, घरी थांबलेल्या माणसाचा लिहा. गर्दीत नेटवर्क लागत नाही.

मालेगाव_कॅम्प

मेंदीचं लक्षात ठेवतो. आमच्याकडे उरुसातही कामाचं आहे.

पाथर्डी_फाटा

एक राहिलंच. त्या बहिणींबद्दल कुणी कुणी लिहितात की आईनेच त्यांना असं घडवलं, लहानपणापासून चोरी शिकवली, मग त्यांचा काय दोष. यावर काय म्हणता?

मखमलाबादकर

मी याचा बराच विचार केलाय. आईने घडवलं हे खरं. घरात दोनदा बाप सोडून गेला, हेही खरं. अशा घरातल्या मुली मी रोज बघते, माझं कामच वस्तीतल्या मुलींच्या अभ्यासिकेत आहे. त्यातल्या कितीतरी जणी धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन अभ्यास करतात, बापाचा मार खातात आणि तरी शेजारच्या पोराला स्वतःच्या डब्यातलं देतात. परिस्थिती माणसाला चोर बनवू शकते, हे मी मान्य करते. पण रेणुका स्वतः आई होती. दुसऱ्याचं मूल रडतंय म्हणून ते संपवायचं आणि संध्याकाळी स्वतःच्या मुलाला भरवायचं, याला परिस्थितीचं कारण मी देऊ शकत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही हेच पाहिलं, की कुणी भाग पाडलं नव्हतं, अगदी सहज म्हणून हे करत गेल्या.

वकील_नाशिकरोड

सहमत. बालपण कसं गेलं हे शिक्षा ठरवताना कोर्टाने जरूर बघावं. दोष ठरवताना ते ढाल होऊ शकत नाही.

पाथर्डी_फाटा

फाशीबद्दल माझं मत तेच आहे, व्हायला हवी होती. बाकी सगळं पटलं.

वकीलताई, शेवटचं विचारतो. समजा गर्दीत एकटं रडणारं मूल मलाच सापडलं. मांडव लांब आहे, पोलीस दिसत नाही. माझ्यावरच संशय आला तर? राईनपाड्याचं वाचल्यावर भीती वाटते खरंच.

वकील_नाशिकरोड

रास्त भीती आहे. मुलाला उचलून चालायला लागू नका. आहात तिथेच थांबा, मुलाच्या उंचीला खाली बसा. पालक बहुधा जवळपासच शोधत असतात, दहा-पंधरा पावलांवर. आसपासच्या दोन-तीन जणांना, शक्यतो एखाद्या दुकानदाराला आणि एखाद्या बाईला, मोठ्याने सांगा की मूल सापडलंय, आईबाप दिसत नाहीत. तिथूनच 112 लावा, म्हणजे तुमच्या फोनवरून कॉल गेल्याची वेळ नोंदली जाते. न्यायचंच झालं तर त्या दोघा-तिघांना घेऊनच चौकीपर्यंत जा. सापडलेल्या मुलाची माहिती 24 तासांत चाइल्डलाइन, पोलीस किंवा बालकल्याण समितीला देणं बाल न्याय कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे "रात्रभर घरी ठेवतो, सकाळी बघू" असं चांगल्या मनानेही करू नका.

आणि मुलाचा फोटो ग्रुपवर नको. "आईबाप शोधा" म्हणून टाकलेला फोटो बघून कुणीही येऊन म्हणेल, माझं आहे.